भागरताचं बोलणं

हलकं, लवकर येणारं धान निसवलं की हवेत एक कच्चा, दुधाळ वास सुटतो. खालचा चिखल अजून वाळलेला नसतो आणि वरचं ऊन मात्र अंगाला टोचायला लागलेलं असतं. मी ज्या शाळेत इतिहास शिकवते तिच्या कुंपणाला लागूनच धानाच्या बांध्या आहेत. खिडकी उघडी राहिली की तो वास वर्गात येतो आणि माझं बोलणं मध्येच थांबतं. मुलांना वाटतं, मॅडम पुढची सनावळी आठवतायत.

यंदा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, की मोबाइलवर ग्रुप करून आपणच त्या काळची माणसं झालो तर चालेल का. कुठल्या तरी शाळेत असं करतात म्हणून तिनं ऐकलं होतं. एकानं राजा व्हायचं, एकानं शिपाई, एकीनं दळणाऱ्या बाईनं काय पाहिलं ते लिहायचं. सगळा वर्ग खुलला. मी 'बघू' म्हटलं आणि फळ्याकडं वळले. त्या पोरीचा उत्साह मोडायचा नव्हता. पण माझ्या कानात एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज सुरू झाला होता, आणि तो सुरू झाला की मला दुसरं काही ऐकू येत नाही.

मी अकरावीत होते. आमगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात, कला शाखेत. गावाहून सायकलनं यायचं, वाटेत दोन्ही बाजूंना हेच धान, हाच वास. आम्हाला इतिहास शिकवायला रहांगडाले सर होते. दवनीवाड्याचे. मराठीच्या मॅडमची बदली झाली होती आणि जागा भरली नव्हती, म्हणून मराठीही तेच घ्यायचे. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. नागपूरला कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि वर्गात म्हणाले, की आता आपण नेटवर एक गाव वसवायचं आणि ते बुडवायचं.

आम्ही हसलो. पण ते गंभीर होते. धरणाखाली गेलेलं गाव आमच्या भागात कुणाला नवं नव्हतं. वर्गातल्या निम्म्या पोरांचं जुनं गाव कुठल्या ना कुठल्या पाण्याखाली होतं. आमच्याकडं त्याला 'गाव उठलं' म्हणतात, जणू गाव आपणहून उठून चालायला लागलं. सरांनी नेटवर एक फुकटची जागा घेतली, तिथं फक्त आमच्या वर्गालाच जाता येई. गावाला त्यांनी नाव दिलं नाही. सगळे त्याला 'जुनं गाव' म्हणायला लागले. चिठ्ठ्या टाकून माणसं वाटली. पाटील, कोतवाल, मास्तर, ढिवर, भूसंपादनाचे साहेब. साहेब झाला मुकेश, आमगावच्या कापड दुकानदाराचा मुलगा, जो अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायचा. माझ्या चिठ्ठीत होतं, 'एकटी बाई, वय चाळीस.' बस, एवढंच.

सरांचा नियम एकच होता. आपल्या माणसाला त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढंच लिहायचं. पाणी येणार, कुठपर्यंत येणार, कोण जगणार, हे आपल्याला माहीत असलं तरी त्याला माहीत नाही. पुढचं विसरून लिहायचं.

चाळीस वर्षांची एकटी बाई कशी बोलते, हे मला सोळाव्या वर्षी कुठून कळणार. मी पहिल्यांदा लिहिलं ते अगदी धड्यातल्यासारखं होतं. 'मी माझ्या मातृभूमीला सोडून जाणार नाही,' असं काहीतरी. सरांनी खाली एवढंच लिहिलं, की या बाईंनी सकाळपासून काय काय काम केलं? मला एकही काम सुचेना. म्हणून मी घरी येऊन आबाजीला विचारलं.

आबाजी म्हणजे माझ्या बाबांचे वडील. सुखदेव त्यांचं नाव. आमचं गाव ही नवीन वस्ती, मुरमाच्या टेकाडावर सरकारनं आखून दिलेली. आबाजीनं तिथं स्वतःच्या हातानं घर उभारलं होतं. जुन्या गावाबद्दल ते बोलत नसत. विहाराच्या ओट्यावर म्हातारे जमले आणि तो विषय निघाला, की हे काठी घेऊन घराकडं वळायचे. तरुणपणी दंडारीत, गावच्या नाटकात, बाईचं सोंग घ्यायचे, एवढं आजीकडून ऐकलं होतं. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

संध्याकाळी अंगणात खाटेवर बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं, कंप्युटर, नेट, चिठ्ठी, एकटी बाई. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी तोंड समोरच्या बांधीकडं वळवलं. मग बोलायला लागले, आणि तो आवाज त्यांचा नव्हता. बारीक नव्हता, बायकी केलेला नव्हता, पण वेगळ्या माणसाचा होता. थोडा घाईचा, हात कामात असताना बोलतात तसा.

"सकाळी उठलो, बकऱ्या सोडल्या. चूल पेटत नाही, लाकडं ओली आहेत. सुख्या म्हणते गाव उठणार. उठू दे. माझ्या पऱ्ह्यायले पाणी कोण देईल?"

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आमच्याकडं बायाही 'उठलो', 'करतो' असंच बोलतात. मी शाळेत ते दाबून 'उठले' लिहायला शिकले होते. दुसऱ्या दिवशी मात्र जसं ऐकलं तसं टाइप केलं. सरांनी काही दुरुस्त केलं नाही. वर्गातल्या पोरांनी दिवसभर ते वाचलं. पाटील झालेल्या पोरानं बाईला उत्तर दिलं, ढिवरानं मासळी आणून देतो म्हणून कळवलं. आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या बाईचं नाव मी ठरवलेलंच नव्हतं. घरी येऊन विचारलं. आबाजी म्हणाले, "भागरता."

पुढचे किती दिवस हे चाललं ते सांगता येणार नाही. धान निसवल्यापासून हलक्या धानाच्या कापणीपर्यंत. कॉलेजच्या लॅबमध्ये वीज कधी असायची, कधी नसायची. नसली की मी सुटल्यावर नेट कॅफेत जाऊन लिहायची. त्या दिवसांत दिवे लागले की बारीक हिरवे किडे धानातून उठून उजेडावर येतात. कंप्युटरच्या पडद्यावर त्यांचा थर बसायचा. ओढणीनं पडदा पुसायचा, एक ओळ लिहायची, परत पुसायचा. हाताला त्या चिरडलेल्या किड्यांचा गवतासारखा वास येई. आजही तो वास आला की भागरता माझ्याशी बोलते.

ती काय काय बोलली! गावाच्या पाणवठ्यावर तिला वेगळं उभं राहावं लागायचं आणि दीक्षेनंतर ती एक दिवस सरळ पायरीवर जाऊन कशी उभी राहिली. नवरा तरुणपणीच गेला तेव्हा भाऊ सुख्या लहान होता, त्याला तिनंच मोठं केलं. ढिवराच्या बायकोशी तिचं भांडण कशावरून झालं. तिला मोहाच्या फुलांच्या वासानं डोकं दुखायचं. साहेबांच्या जीपला ती घाबरत नव्हती, जीपमधल्या माणसाच्या काळ्या चष्म्याला घाबरायची, कारण तो कुठं बघतो ते कळत नसे.

मुकेश बिचारा खरंच काळा चष्मा काढून बोलायला लागला. म्हणजे लिहायला लागला, 'बाई, मी चष्मा काढला आहे.' पहिले दोन आठवडे तो खलनायकासारखं लिहायचा, हुकूम सोडायचा. आता मधल्या सुट्टीत माझ्याकडं येऊन विचारायचा, की तुझी भागरताबाई अब क्या करेगी, जाणार की नाही? मी म्हणायची, मला माहीत नाही. आणि खरंच नव्हतं. मला वाटत होतं आबाजी रचून सांगतायत. दंडारीतला माणूस, रचू शकतो.

सुख्या म्हणजे सुखदेव, हे मला कळायला हवं होतं असं आता वाटतं. पण घरात त्यांना सुख्या म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं.

मग एका सोमवारी सरांनी गावात जाहीर केलं, की पुढच्या आठवड्यात पाऊस लागेल आणि धरणाचं पाणी चढायला सुरुवात होईल. प्रत्येकानं आपण कुठं असू ते ठरवावं. मी घरी येऊन आबाजीला तसंच सांगितलं. ते भात खात होते. घास ताटात ठेवला.

"तुझ्या सरले सांग," ते म्हणाले, "पाऊस आठ दिवस पुढं ढकला म्हणा."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी हसण्यावारी नेणार होते, पण आबाजीनं ताट सारून हात धुवायला घेतले. मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, थोडी लाजतच. सर हसले नाहीत. आबाजीचं जुनं गाव कुठलं, ते विचारलं. मग म्हणाले, मी रविवारी येतो.

आले. खाटेवर बसले, चहा घेतला, यंदा धानावर तुडतुडा किती पडला याच्यावर बोलणं झालं. मग आबाजीनं आपणहून सांगितलं. आम्ही सगळे तिथंच होतो. बाबा शेतातून नुकतेच आले होते, पाय धूत होते, ते धुवायचे थांबले.

भागरता त्यांची मोठी बहीण. गाव उठायचं, असं आधीही दोनदा सांगून झालं होतं आणि पाणी काही आलं नव्हतं. तिसऱ्यांदाही लोकांना तसंच वाटलं. तरी बहुतेक जण निघाले. सुखदेव बायको-पोरांना घेऊन या टेकाडावर आला. भागरता मागं राहिली. जुन्या घराच्या छपराचे कवेलू चांगले होते, ते टाकून येणं तिला पटेना. ती म्हणाली, तू खांब रोव, मी एकेक करून कवेलू उतरवून ठेवतो, मग गाडी घेऊन येजो. त्यानं गाडी आणायचा दिवस ठरवून दिला. त्या दिवशी तो गेला नाही, काम अर्धवट होतं. दुसऱ्या दिवशीही नाही. मृगाच्या आधीच पाऊस लागला. मधला नाला भरला. नंतर जिथवर नजर जाईल तिथवर पाणी होतं. ती सापडली नाही. ती हट्टानं मागं राहिली, असंच सगळ्यांनी धरलं, आणि यानंही कुणाला वेगळं सांगितलं नाही. विचारणाऱ्याला म्हणायचा, पाण्यात गेली. कशी गेली, ते सांगायचा नाही.

बाबांना हे माहीत नव्हतं. स्वतःच्या आत्याबद्दल त्यांना एक ओळ माहीत होती, तीच, पाण्यात गेली. ते सरांवर चिडले. कायले म्हाताऱ्या माणसाले खणून काढून राहिले, गुरुजी, असं काहीतरी म्हणाले. सरांनी ते मान खाली घालून ऐकलं. मग आबाजीकडं वळून म्हणाले, की खेळ उद्याच बंद करतो.

"बंद नका करू," आबाजी म्हणाले. "आठ दिवस ढकलता येते का, तेवढं सांगा."

सरांनी कपबशी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की 'हो' म्हणणं किती सोपं आहे. एक ओळ तर टाइप करायची होती.

"बाबाजी, पाऊस माझ्या हातात आहे, ढकलतो म्हटलं तर ढकलता येईल," ते म्हणाले. "पण मग ते तुमचं गाव राहणार नाही. दुसरंच कुठलं तरी होईल."

आबाजीनं मान हलवली. "मंग नका ढकलू. पण मले तठी येऊ द्या."

म्हणून त्या आठवड्यात आबाजी आमच्या लॅबमध्ये आले. बाबांनीच गाडीवर बसवून आणलं, पण आत आले नाहीत, पिंपळाखाली उभे राहिले. आबाजीनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. पोरं उठून उभी राहिली. सरांनी सांगितलं होतं की शीतलचे आजोबा आज भागरताचा भाऊ म्हणून लिहिणार आहेत. त्याहून जास्त काही सांगितलं नव्हतं, तरी कसं कोण जाणे, सगळ्यांना कळलं होतं. एका कंप्युटरवर मी भागरता, शेजारच्या कंप्युटरवर भाऊ. तिथंही टाइप मीच करणार होते, आबाजी माझ्या बाजूला स्टुलावर.

सरांनी लिहिलं, मृगाच्या आधीच पाऊस लागला आहे. नाला भरत आला आहे.

पाटलानं लिहिलं, मी नवीन गावात आहे. ढिवरानं लिहिलं, माझी डोंगी वाहून गेली. मुकेशनं लिहिलं, की मी जीप पाठवली आहे, बाईंना आणायला. सर त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, साहेबांनी पाठवली नव्हती. मुकेश म्हणाला, पाठवू शकले असते ना, सर. सर म्हणाले, हो, पाठवू शकले असते. असंच लिही. मुकेशनं आधीची ओळ खोडली आणि लिहिलं, 'मी जीप पाठवू शकलो असतो.' लिहून झाल्यावर तो पडद्याकडं बघतच राहिला.

आता भागरताची पाळी होती. आतापर्यंत तिचं बोलणं आबाजी सांगायचे, मी फक्त लिहायची. आज ते भाऊ होते, तिच्या वतीनं बोलणार नव्हते. मला एकटीलाच ती व्हायचं होतं. मी लिहिलं, 'सुख्या, कवेलू उतरवून झाले. गाडी निघाली का?' आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

पंखा फिरत होता. कुणी कळ दाबत नव्हतं. तेवढ्या वेळात आबाजी काहीही म्हणू शकले असते. निघाली, म्हटलं असतं तरी त्या खोलीत एकानंही त्यांना अडवलं नसतं, सरांनीही नाही. मला तर वाटत होतं की त्यांनी तेच म्हणावं, त्यासाठीच ते आलेत.

"लिही," ते म्हणाले. "मी निघालो नाही. नवीन घराचे खांब रोवून राहिलो होतो. वाटलं, एक दिवस उशीर झाला तर काय होते."

मी लिहिलं. त्याखाली त्या दिवशी कुणीच काही लिहिलं नाही, नंतरही नाही. त्या गावातलं ते शेवटचं वाक्य.

इतिहास शिकवताना मी मुलांना कारणं सांगते, परिणाम सांगते. अमुक झालं म्हणून तमुक झालं. एक दिवस उशीर झाला तर काय होते, हे मात्र कुठल्या धड्यात नसतं. रहांगडाले सरांना तेच दाखवायचं होतं बहुतेक, की मोठमोठ्या घटनांच्या आत माणसं आपापले खांब रोवत असतात. आम्हाला ते कळलंही. मला शिकवणाऱ्यांत तसं दुसऱ्या कुणी शिकवलं नाही, हे मी आजही म्हणेन. पण त्याची किंमत एका म्हाताऱ्या माणसानं दिली आणि तो त्या वर्गातला विद्यार्थीसुद्धा नव्हता.

सरांनी पुढच्या वर्षी तसा खेळ घेतला नाही. नंतर त्यांची बदली झाली. ती नेटवरची फुकटची जागाही केव्हा तरी बंद पडली. बी.एड.ला असताना एकदा उघडायला गेले, तर तिथं काहीच नव्हतं. मुकेशला फोन करून विचारलं, त्याच्याकडंही काही नव्हतं. भागरताच्या आयुष्याबद्दल जगात जे काही लिहिलं गेलं होतं, ते तेवढंच होतं.

त्या लॅबच्या दिवसानंतर उशिरा येणाऱ्या भारी धानाची कापणी लागली. आबाजी जेवत, बसत, पण त्यांचं लक्ष नसे. आणि मग एका संध्याकाळी मी कापणीवरून आले, डोक्यावरचा भारा टाकला, तशी ते म्हणाले, "बाई, झाले का कवेलू?"

बाई ते मोठ्या बहिणीला म्हणत. मी आईकडं पाहिलं. आईनं डोळ्यांनीच खुणावलं, हो म्हण. मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं असावं. मग रोजच सुरू झालं. दिवसभर ते मला शीतल म्हणत, अभ्यासाचं विचारत. दिवस मावळला की मी बाई होई. बाबांना ते सहन होत नसे, ते उठून खळ्यावर जात. गोंदियाच्या डॉक्टरकडं नेलं, त्यांनी वयाचं सांगितलं, गोळ्या दिल्या. मी ते पूर्ण थंडीभर केलं. कंप्युटर नाही, चिठ्ठी नाही, सर नाहीत. बकऱ्या आल्या का, हो आल्या. चूल पेटली का, पेटली. कधी कधी ते उठून बैल बघायला निघत आणि बाबा त्यांना धरून आणत. बैल विकून केव्हाच झाले होते.

चुरणा, म्हणजे धानाची मळणी, आटोपला, तणसाचे ढीग लागले. आबाजी अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवसांतली एक संध्याकाळ. आई चुलीपाशी होती. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. त्यांनी विचारलं, "बाई, तू आली कशी?"

हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. आणि या वेळी मला कुणी खुणावणारं नव्हतं.

"चालत आलो, सुख्या," मी म्हटलं. "नाल्याले पाणी कमी होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नजर स्वच्छ होती, कित्येक दिवसांत नव्हती एवढी.

"तू शीतल आहे," ते म्हणाले. "मले माहीत आहे."

माझा हात त्यांच्या पायावर तसाच राहिला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"पुन्हा एकदा बोल," ते म्हणाले. "तसंच बोल."

मी पुन्हा बोलले.